फुलापासून 13 सेंटिमीटर

पहाटे 4:10

गजर साडेचारचा होता, पण त्याआधीच जाग आली. पत्र्यावर पाऊस वाजत नव्हता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात अशी पहाट मिळणं म्हणजे लॉटरी. मॅडमना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर लगेच आलं, म्हणजे त्याही जाग्याच होत्या.

ओट्यावर तीन लेन्स मांडून ठेवल्यात, 60 मिलिमीटर, 100 आणि 180. तिन्ही कॅननच्या, तिन्ही मॅक्रो, तिन्ही पुण्याहून भाड्याने आणलेल्या. परवा सकाळी परत पोचवायच्या. त्याआधी ठरवायचं, यातली कोणती स्वतःची म्हणून घ्यायची. एकच घ्यायची आहे. लग्नसराई संपली की आमचा स्टुडिओ चार महिने पासपोर्ट फोटोवर जगतो, त्यामुळे दोन घ्यायचा विचारसुद्धा नको.

काल रात्री तिन्ही लेन्स घरच्या काट्यावर ठेवून पाहिल्या. 60 ची 335 ग्रॅम, 100 ची 625 आणि 180 ची एक किलो 90 ग्रॅम. बायको म्हणाली, "किलोची वांगी तरी खाता येतात."

मग पट्टीची परीक्षा घेतली. ही कुणालाही घरी करता येते. स्टीलची पट्टी टेबलावर आडवी ठेवायची, लेन्स जितकी जवळ फोकस होते तितकी न्यायची आणि चौकटीत किती मिलिमीटर मावतात ते मोजायचे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर 22.3 मिलिमीटर रुंद आहे. पट्टीचे 22 मिलिमीटर काठोकाठ दिसले तर वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटते. यालाच एकास एक म्हणतात, आणि खरी मॅक्रो लेन्स इथून सुरू होते. तिन्ही लेन्स पास झाल्या. सहज म्हणून माझी जुनी झूम लावली. हिच्या नळीवर सोनेरी अक्षरात 'मॅक्रो' छापलंय आणि ते वाचूनच मी सात वर्षांपूर्वी ती घेतली होती. तिच्यात 45 मिलिमीटर दिसले, म्हणजे निम्माच आकार. दुकानदार तेव्हा खोटं बोलला नव्हता. मीच पट्टी घेऊन गेलो नव्हतो.

5:05

मॅडमना त्यांच्या दारातून घेतलं. अकरावी-बारावीला त्या मला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी त्यात कसाबसा पास झालो, हे त्या विसरलेल्या नाहीत. आता निवृत्त झाल्यात आणि कॉलेजच्या मुलांसाठी सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, चाळीस फुलांचा एक अल्बम करतायत. फोटो माझे, नावं त्यांची. पैसे कुणाचे, हा विषय अजून निघालेला नाही.

समर्थ मंदिरापाशी दोन वाटा फुटतात. एक यवतेश्वरावरून कासच्या पठारावर जाते, दुसरी बोगद्यातून सज्जनगड, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीला. आम्ही बोगदा धरला. कासवर माझा राग नाही. 2012 साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासचं नाव लागलं आणि मग सगळा महाराष्ट्र तिथे लोटला. आता माणसांची मर्यादा आहे, तिकीट आहे, ठरावीक वाटा आहेत, आणि ते योग्यच आहे. पण तीन लेन्स बदलत एका फुलापाशी तासभर बसायचं तर चाळकेवाडीचा सडा बरा. तोच जांभा, बरीचशी तीच फुलं, गर्दी मात्र पवनचक्क्यांची.

"पवनचक्क्या कुठे उभ्या करतात, माहितीय ना?" मॅडमनी विचारलं.

"जिथे वारा असतो तिथे."

"मग तू फुलांचे फोटो काढायला तिथे का चाललायस?"

याला उत्तर नव्हतं. सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत गप्प राहिलो.

6:20

सड्यावर पोचलो तेव्हा धुकं इतकं की जवळच्या पवनचक्कीचा खांबसुद्धा दिसत नव्हता, फक्त पात्यांचा आवाज येत होता. तोही हळू. वारा पडलेला. म्हणजे घाई करायला हवी, कारण सूर्य वर आला की वारा सुटतो.

गाडीच्या काचा घाटातच उघड्या टाकल्या होत्या. उबदार गाडीतून लेन्स एकदम बाहेरच्या गारव्यात काढली तर काही होत नाही, पण गार लेन्स उबदार, दमट हवेत आली की काचेवर दहिवर धरतं. ओलसर गाडीत नेमकं काय होईल याचा नेम नसतो, तेव्हा काच, कॅमेरा आणि बाहेरची हवा सुरुवातीपासून एकाच तापमानाला ठेवलेली बरी. तरी 180 ची पुढची काच धुक्याने ओली झालीच. दोन वेळा पुसली, मग ती बॅगेत ठेवून 60 काढली.

6:45

पहिलं फूल सीतेची आसवं, शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया पर्प्युरासेन्स. जांभळं, करंगळीच्या नखाएवढं, खालच्या ओठावर पांढरट ठिपके. एवढी नाजूक गोष्ट मांसाहारी आहे हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. हिच्या बुडाशी चिखलात बारीक फुगे असतात आणि पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या फुग्याच्या दाराशी लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात आत ओढला जातो. तो भाग आमच्या कॅमेऱ्यात येणार नव्हता. मॅडमना हवी होती फुलाची शेपटी.

"समोरून काढू नकोस. समोरून सगळे काढतात. बाजूने काढ, मागचा स्पर दिसला पाहिजे. तोच ओळखीचा."

60 ची लेन्स एकास एकवर 20 सेंटिमीटरला फोकस होते, असं तिच्या कागदावर लिहिलंय. वाचून वाटतं, वीतभर अंतर आहे, पुष्कळ झालं. पण हे अंतर कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून मोजतात. त्यातून कॅमेऱ्याची जाडी गेली, लेन्सची लांबी गेली की काच आणि फूल यांच्यात उरतात साधारण 9 सेंटिमीटर. वर हूड लावला की तेही कमी. म्हणजे चार बोटं आडवी धरावीत आणि वर थोडं.

या चार बोटांत सगळा घोळ झाला. धुक्यातून येणारा उजेड आधीच पातळ, त्यात लेन्सची आणि माझ्या कपाळाची सावली फुलावर. सावली टाळायला खाली जावं तर कोपर टेकायला जागा नाही, कारण सीतेची आसवं एकटी कधीच उगवत नाहीत. ओंजळभर जागेत पन्नास-साठ. एकाचा फोटो काढायला मला दहांवर झोपावं लागलं असतं.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "तुझा गुडघा बघ."

गुडघ्याखाली एक गेंदाचं फूल चिरडलं होतं. एक साधा पांढरा गेंद, शर्टाच्या बटणाएवढा. मी काही बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत, पण मला अकरावीतलं प्रॅक्टिकल आठवलं.

7:20

100 लावली. सेन्सरपासून 30 सेंटिमीटर, काचेपासून साधारण 13. वाढले फक्त चार सेंटिमीटर. कागदावर ही काही मोठी वाढ नाही, पण जमिनीवर पडल्यावर कळतं. मी उघड्या जांभ्यावर पोट टेकवलं, कोपर दगडावरच राहिले आणि लेन्स तेवढी फुलांच्या हद्दीत शिरली. सावली सरकली. कॅमेऱ्याखाली जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली पिशवी ठेवली. आत तांदूळ आहेत. बाजारात अशी पिशवी मिळते, पण तिच्यात खिचडी होत नाही.

मग आमचं खरं काम सुरू झालं. स्पर, ओठ आणि देठ तिन्ही एका पातळीत आणायचे. एकास एकवर, एफ 11 च्या ॲपर्चरला, माझ्या कॅमेऱ्यात जेवढं धारदार दिसतं त्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नाही. पोस्टकार्डाचे तीनचार तुकडे एकावर एक ठेवले तर जेवढी होईल तेवढी. फूल त्या पातळीत बसवायचं म्हणजे फुलाला हात न लावता स्वतः हलायचं. दोन केस डावीकडे, अर्धा केस वर. ऑटोफोकस बंद केला. या अंतरावर तो पुढेमागे घुटमळत राहतो आणि फूल तोवर डुलून जातं. मागच्या पडद्यावर दहापट मोठं करून पाहिलं, श्वास सोडला, दाबलं. पंधरा फोटोंत एक नीट आला.

इथे 100 मधल्या स्टॅबिलायझरबद्दल सांगायला हवं, कारण दुकानात याच गोष्टीचे पैसे मागतात. ही लेन्स 2009 साली आली तेव्हा कोनात होणारी आणि सरळ सरकणारी, अशी दोन्ही प्रकारची थरथर सावरते म्हणून तिचं कौतुक झालं होतं. लांबच्या फोटोला ती चार स्टॉप वाचवते असं कंपनी सांगते, आणि एकास एकला दोन, हेही कंपनीच सांगते. तेवढंही पुष्कळ. मात्र हाताची थरथर थांबते, फुलाची नाही.

8:10

धुकं फाटलं. सूर्य पवनचक्क्यांच्या मागून वर आला आणि गवतात एकदम लाल ठिणग्या दिसल्या. गवती दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा इंडिका. हाही मांसाहारी. पानाच्या प्रत्येक केसावर चिकट थेंब, आणि त्यात एक चिलट अडकलेलं. उजेड मागून घेतला तरच हे थेंब पेटतात, म्हणजे लेन्स सूर्याच्या दिशेला धरायची आणि हुडाशिवाय चालत नाही.

आता 180. काचेपासून फुलापर्यंत 25 सेंटिमीटर. वाटेवरच्या दगडावर ट्रायपॉड मांडला, तिन्ही पाय दगडावरच, गवतात एकही नाही, आणि खाली बसलो. नुसता बसलो, झोपलो नाही. पंचेचाळिशीनंतर या फरकाची किंमत कुठल्याही जाहिरातीत छापत नाहीत. हुडासकट जागा उरली. मॅडमना बिस्किटाच्या पुड्याचा चांदीचा कागद धरून सावलीच्या बाजूने उजेड परतवता आला. त्यांचा हात चौकटीत आला नाही.

आणि मागचं दृश्य! दवबिंदूच्या मागे वाळकं गवत, एक प्लास्टिकची बाटली आणि शेण होतं. 60 ने हे तिन्ही टिपलं असतं. 180 चा कोन इतका अरुंद की वस्तू तेवढीच मोठी ठेवून मागचा वाटीएवढाच भाग चौकटीत येतो. कॅमेरा दोन बोटं सरकवला, बाटली गेली. आणखी दोन बोटं, शेण गेलं. मागे उरली निव्वळ हिरवी साय. हा फोटो पडद्यावर पाहिला तेव्हा मनात ठरवूनच टाकलं, हीच घ्यायची.

मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं. "सुंदर आहे. पण हे कुठे उगवलंय? मुलांना कळेल?"

"मागे शेण होतं, मॅडम."

"मग?"

9:40

वारा सुटला. पवनचक्क्यांच्या पात्यांचा आवाज बदलला आणि सगळा सडा एका लयीत हलायला लागला. शटर 1/250 वर नेला तरी चित्र पुसट. एकास एकला जायचं तर लेन्स प्रकाश खाते. आकड्यात एफ 11 लावलं तरी सेन्सरला मिळतो एफ 22 एवढाच उजेड. निकॉनचा कॅमेरा आकडा बदलून हे दाखवतो, कॅनन दाखवत नाही, त्यामुळे माझ्यासारखा माणूस आधी गोंधळतो. आयएसओ 1600, मग 3200.

एका स्टुडिओवाल्या मित्राने मला ठासून सांगितलं होतं, 60 घे, लहान लेन्सला डेप्थ जास्त मिळते. अर्धा तास मी हे तपासण्यात घालवला, वाऱ्यात दुसरं करण्यासारखं नव्हतंच. जांभ्याचा एक तुकडा घेतला, त्यावर पट्टी तिरकी टेकवली, आणि तिन्ही लेन्सने चौकटीत पट्टी तेवढीच दिसेल असा फोटो काढला, तिन्ही एफ 11 ला. धारदार दिसणाऱ्या रेघा मोजल्या. तिन्हीत सारख्या. वस्तू सेन्सरवर किती मोठी उमटते आणि एफ किती, एवढ्यावरच ही जाडी ठरते. 60 असो की 180, फुलावर फरक नाही. लेन्स लांब होते तेव्हा आपण अंतर विकत घेतो आणि मागचा पडदा, खोली नाही.

खोली हवी असेल तर एकच स्वस्त उपाय. थोडं मागे सरकायचं. एकास एकऐवजी निम्मा आकार घेतला की त्याच एफ 11 ला जाडी पाऊण मिलिमीटरवरून अडीचवर जाते. नंतर कापून मोठं करता येतं. एफ 22 लावून खोली मिळवायला जावं तर प्रकाश इतक्या बारीक भोकातून वाकतो की सगळंच थोडं थोडं पुसट होतं. मी ते करून पाहिलंय. सगळं दिसतं आणि काहीच नीट दिसत नाही.

आम्ही दोघं पट्टीवर वाकलेलो असताना एक आजी म्हशी घेऊन आल्या. डोक्यावर पोत्याची खोळ.

"काय पडलंय का तुमचं?"

"न्हाई आजी, फुलाचा फोटू काढतुया."

त्यांनी खाली पाहिलं, मग 180 कडे. "एवढ्याशा फुलाला एवढं नळकांडं?"

म्हशी मात्र आमच्या दवबिंदूवरून सरळ चालत गेल्या. माझ्या गुडघ्याचं पाप त्यामुळे फिटलं असं मला वाटलं. मॅडमना वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, म्हशी या सड्यावर पूर्वीपासून आहेत, माझा गुडघा आजच आला.

11:15

उन्हात कवल्याची पिवळी फुलं उघडली. स्मिथिया. दोन पाकळ्या कानांसारख्या वर, म्हणून पोरं याला मिकी माऊस म्हणतात. कासवर जाऊन आलेला प्रत्येकजण याचा फोटो दाखवतो. मॅडमना फुलाचं तोंड नकोच होतं. त्यांना हवे होते फुलामागच्या हिरव्या भागावरचे केस, कारण स्मिथियांत जाती पुष्कळ. हिर्सुटा म्हणजे केसाळ, नावातच सांगितलंय. दुसरी एक आघारकराई, ती शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची. पुण्यात ज्यांच्या नावाची संस्था आहे, तेच. मूळचे मालवणचे.

केसांसाठी 100 वापरली. वाऱ्यात 180 सांभाळणं अवघड. 60 ने केस टिपले असते, पण चार बोटांवर लेन्स आणली की झाडाला धक्का लागतो, आणि या झाडाची पानं स्पर्श झाला की मिटतात. एका पांढऱ्या छत्रीचं कापड आम्ही उन्हाआड धरलं. दुपारच्या उन्हात केस चमकून पांढरे पडतात, कापडाखाली ते पिवळे दिसले. मॅडमनी पडद्यावर मोजले की काय कोण जाणे, बराच वेळ पाहत होत्या.

"आता मला पटलं," एवढंच म्हणाल्या.

गेंदाचंही केलं. पण तिथे त्यांनी आधीच सांगून टाकलं, गेंदाच्या जाती सूक्ष्मदर्शकाखाली बिया पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत, तेव्हा तू कितीही महागाची लेन्स आण, अल्बममध्ये मी नुसतं 'गेंद' लिहिणार.

1:00

गाडीच्या सावलीत भाकरी, ठेचा, पिठलं. मॅडमनी त्यांच्या फोनमधला मॅक्रो दाखवला. दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं आणि फुलावर फोनचीच सावली पडते, पण ओळखीपुरता फोटो येतो. ज्यांना एवढंच पुरतं त्यांनी लेन्स घेऊ नये, असं माझं मत. आणखी स्वस्तातल्या वाटाही आहेत. 50 मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे 25 मिलिमीटरची रिकामी नळी, एक्स्टेन्शन ट्यूब, लावली की निम्मा आकार मिळतो. तिच्यात काच नसते, तेव्हा बिघडायला काही नाही. लेन्सच्या पुढे चष्म्यासारखी क्लोजअप काच लावता येते. लेन्स उलटी लावणारी रिंग तर आणखीच स्वस्त. मी पहिली तीन वर्षं यावरच काढली. त्रास एकच, नळी लावली की दूरचं काही दिसत नाही. मॅक्रो लेन्सने फुलाचा फोटो काढून मान वर केली आणि आजी म्हशी घेऊन येताना दिसल्या, तर तोही काढता येतो.

मॅडम जेवता जेवता म्हणाल्या, "तू आज फुलं कमी पाहिलीस, अंतरं जास्त."

खरं आहे.

2:50

अबोलिमा. मर्डानिया लॅन्युजिनोसा. नावाप्रमाणे अबोली रंगाची, आणि वेळेची पक्की. दुपार कलल्याशिवाय उमलत नाही आणि संध्याकाळी मिटते. सकाळी आम्ही याच जागेवरून गेलो होतो तेव्हा इथे गवताशिवाय काही नव्हतं. लॅन्युजिनोसा म्हणजे लोकरीसारखं. पुंकेसरांच्या दांड्यांना दाढी असते, आणि आम्हाला ती दाढी हवी होती.

वारा अजून होताच. मॅडम वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून बसल्या. मी 100 लावून थांबलो. हे थांबणंच खरं. वारा सतत कधी वाहत नाही, दम घेतो. त्या दोन सेकंदांत पाच फोटो. पुन्हा थांब. फोकस थोडा थोडा सरकवत बारा फोटो काढून संगणकावर जोडण्याचा प्रयत्न करून पाहिला. घरात टेबलावरच्या फुलाला हे झकास जमतं. सड्यावर बाराही फोटोंत फूल बारा ठिकाणी.

180 काढलीच नाही. तिच्यात स्टॅबिलायझर नाही. ट्रायपॉड मांडेपर्यंत वाऱ्याचा दम संपतो.

4:20

परतताना एका डबक्यात वायतुरा दिसला. अपोनोजेटन सातारेन्सिस. नावात सातारा आहे, आणि इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला जांभळट तुरा पाण्यातून वर आलेला. सड्यावरची ही डबकी पावसाळ्यापुरती. पाणी आटलं की झाड जमिनीखालच्या कंदात निघून जातं.

180 ने तुरा भरून आला, मागे निळसर धूसर काहीतरी. ते पाणी आहे हे मला माहीत होतं, फोटोला नाही. 100 नेही तसंच थोडंफार. मग मॅडम म्हणाल्या, "ती लहान लाव ना." मी 60 लावली, डबक्याच्या काठच्या दगडावर पालथा पडलो, पाण्याला टेकेल इतका खाली गेलो. तुरा जवळ आणि मोठा, त्याच्यामागे अख्खं डबकं, काळा जांभा, त्याच्या पलीकडे धुकट होत चाललेल्या दोन पवनचक्क्या. सकाळपासून जी लेन्स अडचण करत होती, तिने एका फोटोत पत्ता लिहून दिला.

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी वहीत त्या फोटोचा नंबर लिहून त्याभोवती चौकोन केला. दिवसातला पहिला चौकोन.

8:30 रात्री

मॅडमना सोडलं, आंघोळ केली, दोन जळवा काढल्या, संगणक लावला. 412 फोटो. त्यातले ठेवण्यासारखे 31. मग हिशोब केला. त्या 31 मधले 22 फोटो 100 चे, 6 फोटो 180 चे, 3 फोटो 60 चे. सगळ्यात देखणा 180 चा. मॅडमच्या चौकोनातला 60 चा. आणि तरी मी 100 घेणार.

कारण मी सड्यावर जाणार ते बहुधा वाऱ्यात, पावसाच्या उघडिपीत, ट्रायपॉडशिवाय, एखाद्या लग्नाच्या आदल्या दिवशी. तेव्हा दगडावर कोपर टेकून फुलांच्या बाहेर राहता येईल एवढं अंतर मला पुरे. 13 सेंटिमीटर. त्या लेन्सने पुढच्या हंगामात नवरीची मेंदी आणि अंगठ्याही काढता येतील, हेही बायकोला सांगितलं. तिला तेवढंच पटलं. वायतुऱ्यासारखं काही दिसलं तर कॅमेऱ्याबरोबर आलेली 18-55 आहेच, ती 25 सेंटिमीटरला फोकस होते. पत्ता लिहायला तेवढी चालेल.

ज्याच्या दाराशी कुंड्या आहेत, वारा नाही आणि गुडघे तरुण आहेत, त्याने 60 घ्यावी. फुलपाखरांचा नाद असेल, किंवा कासच्या वाटेवरूनच, फुलांत पाय न टाकता काढायचं असेल, तर 180. पण किलोभर वजन तिसऱ्या चढावर किती होतं हे आधी पाठीला विचारावं.

10:15

नवी परवडत नाही. डीएसएलआरच्या बऱ्याच लेन्स आता जुन्या बाजारातच बघाव्या लागतात. कऱ्हाडच्या एका फोटोग्राफरने त्याची 100 विकायला काढलीय, पाच वर्षं वापरलेली. कऱ्हाड असो की सातारा, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती विक्रीच्या फोटोत दिसत नाही. लेन्समधून टॉर्च मारून तिरकं पाहिलं तर दिसते.

त्याला मेसेज केला. उद्या सकाळी दहाला बोलावलंय. टॉर्च आणि स्टीलची पट्टी आत्ताच बॅगेत टाकून ठेवली.